दोनशे बारा नंबरचे दोन धनी

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिल्या की आमची सून टायपिंगच्या हापिसात जाते. सव्वीस वर्षं मी अमरावतीत सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहिले. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी आले, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "सुटली बिचारी. बोटं दुखत असतील." त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. दिवसभर मी टायपिंगच करत असे. फक्त आज टाइप केलेल्यातलं निम्मं उद्या स्वतःच पुसत असे.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "कामाबद्दल लिहा, पण आम्हाला समजेल असं." म्हणून आधी काम काय ते सांगते. तुम्ही कंप्युटरवर एखादं पान उघडता तेव्हा तुमचं मशीन दूरच्या दुसऱ्या मशीनला काहीतरी विचारतं आणि ते उत्तर देतं. हे उत्तर देणारा जो प्रोग्रॅम, तो सर्व्हर. एकानं एक प्रश्न विचारला तर उत्तर कोणीही देईल. त्यासाठी माझी, म्हणजे तायडे मॅडमची, गरज नाही. पण तीनशे जण एकाच क्षणी विचारतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. मग प्रोग्रॅमला स्वतःचे अनेक भाग करावे लागतात. त्याला थ्रेड म्हणतात. प्रत्येक थ्रेड एकेका माणसाशी बोलतो, आणि सगळे थ्रेड एकाच घरात, एकाच सामानावर काम करतात. भांडणं होतात ती या सामानावरून. माझी नोकरी ही भांडणं होऊ न देण्याची होती.

आमचं ऑफिस गाडगेनगरात, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. गिरणी सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि सगळ्या कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसायचा. मालक होते राऊत सर. हुशार माणूस, पण 'नाही' हा शब्द त्यांना उच्चारता येत नसे. समोरच्यानं काहीही मागितलं की ते म्हणत, "हून जाईन," म्हणजे होऊन जाईल. ते कोणी करायचं, हे मग आम्हाला कळायचं. आम्ही म्हणजे मी आणि रशीदभाई. रशीदभाई आधी वलगाव रोडला रेडिओ आणि मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करत. आमच्याकडे तारा, यूपीएस, मोडेम, सगळं त्यांच्याकडे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे, आणि माझा प्रोग्रॅम बिघडला की अगदी मनापासून खूष व्हायचे.

तो काळ आमच्या भागाला वाईट होता, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. दिल्ली-मुंबईचे पत्रकार अमरावतीच्या हॉटेलांत उतरलेले असायचे आणि पानटपरीवर उभ्या असलेल्या कोणालाही दुःख विचारायचे. एकानं रशीदभाईंनाही विचारलं होतं. त्यांनी अर्धा तास गिरणीच्या व्होल्टेजबद्दल दुःख सांगितलं. पण पेरणीच्या तोंडावर खरी धांदल उडायची ती बियाण्यासाठी. कपाशीच्या एका वाणाला अशी मागणी आली की अकोल्याच्या कृषी केंद्रांसमोर सकाळपासून माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी. शटर अर्धं उघडायचं, रेटारेटी, पोलीस, चपलांचा ढीग. तेव्हा बियाणे विक्रेत्यांच्या एका संघटनेला सुचलं की कंप्युटरवरून नंबर द्यावेत. तालुक्याच्या गावी जिथं टायपिंगचा क्लास किंवा दोन कंप्युटरची खोली असेल, तिथं केंद्र. माणसानं तिथं जाऊन नाव, गाव सांगायचं. केंद्रवाला आमच्या सर्व्हरला विचारणार, सर्व्हर नंबर आणि तारीख देणार, त्या तारखेला अकोल्याच्या दुकानात जाऊन दोन थैल्या घ्यायच्या. रांग नाही, रेटारेटी नाही.

राऊत सर म्हणाले, "हून जाईन."

मी पहिल्यांदाच इतकं मोठं काम एकटीनं लिहीत होते. प्रत्येक येणाऱ्याला एक थ्रेड, असे एकावेळी पन्नास. त्याहून जास्त आमच्या मशीनला झेपले नसते. सगळ्या थ्रेडमध्ये एकच गोष्ट सामाईक होती. शेवटचा नंबर कुठला दिला, तो आकडा. त्या आकड्याला मी कुलूप लावलं होतं. म्हणजे एक थ्रेड आकडा हाताळत असेल तोवर बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. पुस्तकात असंच लिहिलंय, आणि मी पुस्तकाची विद्यार्थिनी.

चाचणीसाठी आम्ही राजापेठेतल्या एका कॅफेतले दहाच्या दहा कंप्युटर दुपारभर घेतले. प्रत्येकासमोर कोणीतरी बसवलं. पाच तर कॅफेतलीच गिऱ्हाइकं होती. रशीदभाई मध्ये उभे राहून ओरडले, "एक, दोन, तीन, मारा!" दहा जणांनी बटण दाबलं. दहा वेगवेगळे नंबर आले. राऊत सरांनी सगळ्यांना दह्यातला गिलावडा खाऊ घातला. मी बोटं चाटत विचार करत होते की पुण्याच्या लोकांना काय येतं ते आपल्याला येत नाही, असं कुठं आहे?

नंबर द्यायला सुरुवात झाली त्या दिवशी साडेदहापर्यंत सगळं झकास. मग सर्व्हर बसला. बसला म्हणजे मेला नाही. मेला असता तर बरं होतं, पुन्हा उठवला असता. मशीन चालू, पंखा चालू, दिवा हिरवा, पण कोणालाच उत्तर नाही. फोन सुरू झाले. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, सगळ्यांचं एकच, "म्याडम, गोल फिरून राहिलं नुसतं."

मला पहिला संशय आला तो कुलपाचा. एक थ्रेड आत गेला असेल आणि दार उघडायला विसरला असेल. मग बाकीचे सगळे बाहेर उभे. हे आमच्या धंद्यात नेहमी होतं. मी ते कुलूप काढून टाकलं आणि अकराच्या सुमारास सर्व्हर पुन्हा सुरू केला. वीस मिनिटं चालला. पुन्हा बसला.

कारण रशीदभाईंनी शोधलं, आणि तेही प्रोग्रॅम न वाचता. ते फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "ताई, दर्यापूरची लाइन गेली. सव्वाअकराला जाते ना त्यायची." मला एकदम उजेड पडला. केंद्रवाल्यानं सर्व्हरशी बोलणं सुरू केलं आणि मध्येच भारनियमन. तिकडचं मशीन बंद पडलं, पण 'मी चाललो' असं कोण सांगणार? माझा थ्रेड इकडे कान लावून बसलेला, की पुढचं वाक्य आता येईल, मग येईल. असे पन्नासच्या पन्नास थ्रेड अंधारातल्या गावांची वाट बघत बसलेले.

"ताई, तुमी थ्रेड लय शरीफ बनवले," रशीदभाई म्हणाले. "एक बी उठून जायले तयार नाही."

माझी एक वर्गमैत्रीण पुण्याला मोठ्या कंपनीत होती. तिला घाईघाईनं फोन केला. ती म्हणाली, "तुमच्याकडे वीज किती वेळ जाते, त्या हिशेबानं थांबायची वेळ ठरव." मी म्हटलं, "बाई, येते किती वेळ ते विचार." शेवटी मीच ठरवलं, वीस सेकंद. वीस सेकंदांत समोरून काही आलं नाही तर थ्रेडनं फोन ठेवायचा आणि पुढच्याकडे बघायचं. दुपारनंतर सर्व्हर असा पळाला की मी खाली जाऊन गिरणीवाल्यालाही सांगून आले. पुढचे दिवस मी ज्याला त्याला ऐकवत होते, "माणूस चुकतो, सर्व्हर चुकत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की राऊत सरांनी ते पत्रकात छापायचं ठरवलं.

बियाणं वाटपाच्या दिवशी अकोल्याहून दुकानदाराचा फोन आला. शेठजींचा आवाज घाबरलेला. मागे गलका.

"म्याडम, दोनशे बारा नंबरचे दोन जण आले इथं. दोघं बी म्हनतात, आपलाच."

"चिठ्ठ्या बघा ना."

"एक साहेबराव ढोक, मूर्तिजापूर. छापील हाये. दुसऱ्या बाई हायेत, शोभाबाई खंडारे, दर्यापूरच्या. त्यायची हातानं लिवलेली हाये. शिक्का हाये दर्यापूर सेंटरचा."

मी यादी उघडली. दोनशे बारा, साहेबराव ढोक, मूर्तिजापूर. शोभाबाई खंडारे असं नाव पूर्ण यादीत कुठंच नव्हतं. वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं.

"छापील तोच खरा," मी म्हटलं. "हातानं काय, कोणीही लिहून देईल."

मागून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "त्या म्याडमले म्हना, थांबा. मले फोन द्या. मले बोलू द्या." मग फोन बंद झाला.

तासाभरात संघटनेचा निरोप आला की दर्यापूरला बोगस नंबर दिले गेले, ते केंद्र ताबडतोब बंद करा. केंद्र चालवणाऱ्यांचं नाव माझ्याकडे होतं, नसरीन शेख. त्यांना एक फोन करून विचारावं, हे मला सुचलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. पण यादी समोर होती आणि सर्व्हर चुकत नव्हता. मी एक ओळ टाइप केली, दर्यापूर बंद. कीबोर्डवरचं पीठ झटकायला मला त्याहून जास्त वेळ लागत असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई जिना चढून वर आल्या. तिशीच्या, डोक्यावर ओढणी, काखेत दोनशे पानी वही. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "तुमीच का त्या सर्व्हरवाल्या म्याडम?"

मी हो म्हटलं.

"मी नसरीन. दर्यापूर."

रशीदभाईंनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. उभ्यानंच बोलल्या. दर्यापूरला त्या आठ वर्षं मराठी, हिंदी आणि उर्दू टायपिंग शिकवत होत्या. अर्ध्या तालुक्याचे अर्ज त्यांच्या हातचे. तीन दिवसांपासून माणसं दारात येऊन विचारत होती, नंबर कितीत विकला? एकानं शेण फेकलं होतं. क्लासच्या सहा मुलींच्या आयांनी मुली काढून घेतल्या होत्या.

"मी कोनाले बनावट नंबर देल्ला नाही," त्या म्हणाल्या. "हे पाहा." आणि वही माझ्यासमोर उघडून ठेवली.

टायपिंग करणाऱ्या माणसाचं अक्षर इतकं सुंदर असेल, असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येक ओळीत नंबर, नाव, गाव आणि वेळ. दोनशे सात. मग दोनशे बारा, शोभाबाई खंडारे, अकरा वाजून सतरा मिनिटं. पुढं कंसात, 'छापता छापता लाइन गेली, हातानं लिहून शिक्का दिला.' मग दुपारनंतरचा दोनशे चाळीस.

"ही वही कशाला ठेवली होती?" मी विचारलं.

"मले तुमच्या कंप्युटरवर भरोसा नाही म्हनून."

रशीदभाई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी शिकलेल्या माणसाच्या त्या समजूतदार आवाजात म्हटलं, "घड्याळ पुढं-मागं असू शकतं. लिहिताना आकडा चुकू शकतो."

"बरं," नसरीन म्हणाल्या. "माहं घड्याळ पुढं असन. पन दोनशे बारा मले कुठून भेटला? सपन पडलं का मले? त्या टायमाले तुमची मशीन कुठल्या नंबरवर होती, मले दर्यापूरले बसून कसं समजन?"

खोटा नंबर देणारा माणूस पाचशे देईल, नव्वद देईल. नेमका त्याच मिनिटाला निघालेला नंबर त्याला कसा सुचेल?

सर्व्हर दोन ठिकाणी लिहीत असतो. एक म्हणजे यादी, जी आपण बघतो. दुसरी म्हणजे नोंदींची लांबलचक फाइल. कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर दिलं, घडेल तसं ओळीखाली ओळ. ती फाइल वाचणं कंटाळवाणं असतं, म्हणून मी वाचली नव्हती. आता उघडली. नसरीन माझ्याशेजारी बसल्या. मुली टाइप करतात त्यातल्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझी नजर अजून वरच फिरत होती, तोच त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्या दोन वळी वाचा."

एका खाली एक. तेच मिनिट, तोच सेकंद. दर्यापूर, उत्तर दोनशे बारा. मूर्तिजापूर, उत्तर दोनशे बारा.

मला समजायला क्षणभरही लागला नाही. नंबर देताना प्रोग्रॅम तीन कामं करतो. शेवटचा नंबर बघतो, त्यात एक मिळवतो, नवा नंबर आणि नाव लिहून ठेवतो. दर्यापूरच्या थ्रेडनं बघितलं, दोनशे अकरा. त्यानं एक मिळवून लिहायच्या आत मूर्तिजापूरच्या थ्रेडनंही बघितलं. त्यालाही दोनशे अकराच दिसलं. दोघांनी एक एक मिळवला. दोघांनी दोनशे बारा दिला. मग यादीत आधी शोभाबाईंचं नाव लिहिलं गेलं आणि त्याच जागी, त्याच्यावर, साहेबरावांचं. असं होऊ नये म्हणूनच तर कुलूप असतं. ते मी लावलं होतं. ते पहिल्या दिवशी सकाळी सर्व्हर बसला तेव्हा मीच काढलं होतं. दोष कुलपाचा नव्हता, भारनियमनाचा होता, हे कळल्यावरही मी ते परत लावलं नव्हतं. सर्व्हर पळायला लागला आणि मी गिरणीवाल्याला सांगायला खाली गेले.

"म्हंजे चूक कोनाची?" नसरीन यांनी विचारलं.

"माझी."

त्यांनी वही मिटली. "हे मले काहून सांगून राहिल्या? मले तर पयल्या दिवसापासून मालूम हाये. दर्यापूरले येऊन सांगा." आणि चहाही न घेता साडेतीनच्या बसला गेल्या.

कुलूप मी त्याच संध्याकाळच्या आत लावलं. आधी घाबरून एवढं मोठं लावलं की एक माणूस पूर्ण बोलून होईस्तोवर बाकी सगळे बाहेर. रशीदभाई म्हणाले, "ही तर पुन्हा अकोल्याची लाइन झाली, ताई." मग कमी करत करत फक्त त्या तीन कामांपुरतं ठेवलं. डोळा मिटून उघडेपर्यंत दार बंद, की लगेच उघडं. आम्ही नोंदींची फाइल चाळून काढली तेव्हा अशा अजून तीन जोड्या सापडल्या. त्यांच्या तारखा यायच्या होत्या. केंद्रांना फोन करून प्रत्येक जोडीतल्या एकाला नवा नंबर दिला. का, ते त्या सहा जणांना कधी कळलंही नसेल.

राऊत सरांनी दर्यापूरला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला सांगितला. मी मोठ्या सफाईनं लिहिलं, 'काही तांत्रिक कारणास्तव उद्भवलेल्या परिस्थितीमुळे दर्यापूर केंद्राची सेवा तात्पुरती स्थगित करण्यात आली होती.' वाचून मला फार बरं वाटलं. रशीदभाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "याच्यात चूक कोनं केली, ते कुठी लिवलं हाये?" मी कागद फाडला आणि स्वतः दर्यापूरला जायचं ठरवलं. राऊत सर म्हणाले, "अहो, जायची काय गरज आहे? हून जाईन." पहिल्यांदाच मी त्यांना सांगितलं, "नाही होणार, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रशीदभाई आधी अकोल्याला गेलो. म्हटलं, शोभाबाईंच्या दोन थैल्या घेऊनच दर्यापूरला जावं. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावरून हात फिरवला आणि मागची रिकामी मांडणी दाखवली. तो वाण कालच संपला होता, पुढची खेप आठवड्यानं यायची होती. "त्या दिवशी असत्या दोन थैल्या," ते म्हणाले. "ठेवल्या बी होत्या मी बाजूले, बाईचा चेहरा पाहून. पन तुमी सांगतलं, छापील तोच खरा."

अकोल्याहून दर्यापूरला आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो.

नसरीन यांचं केंद्र बसस्टँडमागच्या गल्लीत. दारावर अजून शेणाचा धुतलेला डाग. आदल्या संध्याकाळीच मी केंद्र सुरू केलं होतं, त्यामुळे पायऱ्यांपासून गल्लीपर्यंत पंचवीस-तीस माणसं उभी होती. आत बाकावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, पदर खोचलेला, नजर सरळ. नसरीन म्हणाल्या, "या शोभाबाई."

मी हात जोडले. "शोभाबाई, माझी चूक झाली. तुमचा नंबर खरा होता. मी माफी मागायला आले."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "थैल्या?"

"संपल्या."

"मंग माफीचं काय करू मी? पेरू वावरात?"

त्यांनीच पुढं सांगितलं. पाणी पडलं होतं, वावर थांबत नसतं. भावाकडे दुसऱ्या एका वाणाच्या थैल्या होत्या, त्या त्यांनी पेरून टाकल्या. "जे व्हायचं ते हुईन. माहं जाऊ द्या. पन ही पोरगी तीन दिवस घराबाहेर नाही निंगली. इथं नको सांगू, बाहीर चाल. जिथं तिले बोलले, तिथं सांग."

आम्ही पायऱ्यांवर आलो. मी घसा साफ केला. आयुष्यात मी कॉलेजातून, परिषदांतून भाषणं दिलीत. मी सुरुवात केली, "तांत्रिकदृष्ट्या पाहता, दोन समांतर प्रक्रियांनी एकाच वेळी..."

"साध्या बोलीत सांग, बाई," शोभाबाई म्हणाल्या.

माझा बाप बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर, होता. साधी बोली मला येत होती, फक्त ऑफिसात जाताना मी ती घरी ठेवत असे. मी पुन्हा सुरू केलं. "चूक माही हाये. नसरीनताईनं देल्लेला नंबर खरा होता. दोन जनाइले एकच नंबर मशीननं देल्ला, कावून का मी मशीनचं एक कुलूप काढलं आन परत लावाचं इसरली. नसरीनताईनं काईच नाही केलं. मी तिले न इचारता तिचं सेंटर बंद केलं."

मग मागून एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. डोक्यावर गांधी टोपी, हातात छत्री. अगदी शांतपणे, माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "हिची काई चूक नोती, तं हिचं सेंटर तीन दिवस बंद ठेवलं. तुमची चूक हाये, तं तुमचं किती दिवस बंद राहीन?"

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते चपलेचा अंगठा बघत होते.

"मले माहीत नाही, बाबा," मी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर माझं एक दिवसही बंद राहिलं नाही. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, कारण सर्व्हर इतका चांगला चालला. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही देणं लागते.

गर्दीत जरा चुळबुळ झाली. ज्यानं शेण फेकलं होतं तो तिथं होता की नाही, मला ठाऊक नाही. पण एक बाई पुढं येऊन नसरीनना म्हणाली, "उद्यापासून पोरीले पाठवतो." नसरीन यांनी मान हलवली, हसल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या आत. आज नंबर तुमी द्या. मी वही लिवते."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी उत्तर देणाऱ्या मशीनच्या बाजूला बसत होते. विचारणाऱ्याच्या बाजूला पहिल्यांदाच. पहिला माणूस समोर आला, नाव सांगितलं, मी बटण दाबलं. स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं. माणूस स्क्रीनकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मनात मोजायला लागले. सात. आठ. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. अकरा. बारा. वीस सेकंद मी ऑफिसात बसून किती सहज ठरवले होते! पंधराव्याला नंबर आला. त्यानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग नसरीन यांच्या वहीत वाकून बघितला, आणि वहीतला बघितल्यावरच त्याचा चेहरा सैल झाला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तीन वाजेपर्यंत मी नंबर दिले. रशीदभाईंनी तेवढ्यात त्या खोलीतली सगळी वायरिंग बघून घेतली आणि नसरीन यांच्या प्रिंटरला एक जुना यूपीएस जोडून दिला. तो आमच्या ऑफिसातून कधी आणला, ते मी विचारलं नाही. राऊत सरांनीही नाही. शोभाबाई जाताना म्हणाल्या, "हात चांगला चालते तुहा." टायपिंगबद्दल मला मिळालेली ती एकच शाबासकी.

दिवाळीच्या सुमारास मी नसरीनना फोन केला. क्लासमध्ये मुली परत आल्या होत्या, सहापैकी पाच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, शोभाबाईंची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे?

"बरी झाली," नसरीन म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमाले बरं वाटावं म्हनून नाही सांगून राहिली. झाली म्हनून झाली."